अकरा अंडी आणि साडेसदतीस अंश

अंडी उबवण्याचं काम कोंबड्यांकडे आहे तोवर ठीक आहे. ते माणसानं, त्यातही क्वालिटी डिपार्टमेंटच्या माणसानं हातात घेतलं की काय होतं, ते चिखलीतल्या आमच्या सोसायटीच्या बी विंगला विचारा. मला विचारू नका. मी त्या विषयावर अजून एका जागी बसून बोलू शकत नाही. बोलता बोलता उठतो, स्वयंपाकघरात जातो, कशाला आलो ते विसरतो आणि पाणी पिऊन परत येतो.

तेजल आमची सात वर्षांची. तिला शाळेत न घालता घरीच शिकवायचं, हे 'आमचं' ठरलं होतं. म्हणजे लोकांना मी तसं सांगायचो. 'आमचं ठरलं' असं मी म्हणालो की सुप्रिया, म्हणजे माझी बायको, रिकामे कप उचलून आत जायची. त्या कपांच्या आवाजावरून मला तिचं मत कळायचं.

चाकणच्या कंपनीत मी कायमचा दुसऱ्या पाळीत. दोन वाजता बस मला कोपऱ्यावरून उचलायची, तोवरची सगळी सकाळ तेजलची आणि माझी. आम्ही पोळ्यांवर अपूर्णांक शिकलो. बाल्कनीत सूर्यघड्याळ केलं. त्यात फक्त सव्वानऊ ते सव्वादहा एवढंच वाजायचं, कारण त्यानंतर समोरच्या टॉवरची सावली यायची. पण त्या एका तासात ते अगदी बिनचूक होतं. सुप्रिया लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायला जायची ती चारला परत यायची. दोन ते चार या खिंडीत घर आणि पोर सांभाळायला समोरच्या फ्लॅटमधला कोंडीराम यायचा. तो आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला, रात्रपाळीवाला. त्याच्या घरी सहा महिन्यांची जुळी. आमच्याकडे त्याला शांतपणे पेपर वाचता येतो, असं तो म्हणायचा.

जानेवारीतल्या एका सकाळी ऑम्लेटसाठी अंडं फोडताना तेजलनं विचारलं, "बाबा, पिल्लाला आत काहीच दिसत नाही ना? मग बाहेर यायची वेळ झाली हे त्याला कोण सांगतं?"

शहाण्या बापानं यावर 'देवबाप्पा' म्हणून कांदा चिरायला घेतला असता. मी म्हणालो, "आपण बघू या."

*

सुप्रिया गावठी अंडी आणायची ती चऱ्होलीच्या कुशाबाईंकडून. त्यांच्या घराच्या तिन्ही बाजूंना टॉवर उभे राहिले आहेत आणि मधल्या तुकड्यात त्यांच्या कोंबड्या अशा फिरतात, जणू सातबारा त्यांच्याच नावावर आहे. मी उबवायला अंडी हवीत म्हणालो तेव्हा कुशाबाईंनी निवडून निवडून अकरा काढली.

"डझन द्या की मावशी, हिशेबाला बरं."

"सम न्हाई बसवत. इषम बसवत्यात. आन ही खुडूक कोंबडीबी ने. पाटीखाली घालून ठेव. एकवीस दिस उठायची न्हाई."

"कोंबडी नको. ती प्रक्रिया आम्ही स्वतः करणार आहोत."

कुशाबाईंनी मला टाळूपासून चपलांपर्यंत पाहिलं. "तुमी बसनार?"

तेजल इतकी हसली की अंड्यांची टोपली मला तिच्या हातातून काढून घ्यावी लागली. थर्मोस्टॅट, बल्ब आणि थर्मोकोलचा डबा यांबद्दल मी कुशाबाईंना सविस्तर सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "व्हय व्हय. कर. पर तिला इचारून बघ, कोंबडीला. तिला येतंय त्ये."

थर्मोकोलचा डबा सुप्रियाच्या लॅबमधून आला. थर्मोस्टॅट कोंडीरामनं चिखलीतल्या एका वर्कशॉपमधून आणून जोडला. अडलं ते बल्बवर. आम्हांला जुना, तारेचा, साठ वॅटचा बल्ब हवा होता, आणि मी दुकानांमागून दुकानं हिंडत होतो. उजेड देणारे दिवे पोत्यानं मिळत होते, पण ऊब देणारा एकही मिळेना. दुकानदार मला 'गरम होत नाही' याची गॅरंटी देत होते. मी 'गरमच हवाय' म्हणालो की ते माझ्यामागच्या गिऱ्हाइकाकडे बघायचे. शेवटी काळेवाडीतल्या एका म्हाताऱ्या दुकानदारानं माळ्यावरून धुळीनं माखलेले दोन बल्ब काढून दिले. देताना त्यानं ते शर्टाच्या बाहीनं पुसले. पुसताना त्याची मान एवढी कलली होती, की मला वाटलं, तो मला ते देणारच नाही.

गुरुवारी सकाळी अकरा अंडी डब्यात ठेवली. चाकण पट्ट्यात आमची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. म्हणजे गुरुवारी ठेवलेली अंडी तिसऱ्या गुरुवारी, मी घरी असताना फुटणार. हे नियोजन मी सुप्रियाला समजावून सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती.

"विलास, एक बोलू?"

असं विचारून बोलणारी माणसं परवानगीसाठी थांबत नाहीत.

"एकवीस दिवस. पिल्लू निघालं तर तुझी शाळा चालू ठेव, मी परत विषय काढणार नाही. नाही निघालं तर जूनमध्ये तेजल कोपऱ्यावरच्या शाळेत जाणार आणि तू विषय काढायचा नाहीस."

"अंड्यावर पोरीचं शिक्षण लावतेस?"

"मी नाही लावलं. गेलं वर्षभर ते तूच कशाकशावर लावतोयस."

मी हो म्हणालो. माझा स्वतःवर विश्वास होता असं नाही. माझा चेकशीटवर विश्वास होता.

*

ज्यांनी कारखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: चेकशीट म्हणजे रकान्यांचा कागद. यंत्र चालू आहे ना, तापमान बरोबर आहे ना, हे ठरल्या वेळी बघायचं, आकडा लिहायचा, सही करायची. माझं सगळं पोट त्या रकान्यांवर चालतं. मी एकवीस दिवसांचं चेकशीट छापलं. दिवसातून पाच वेळा अंडी अर्धी फिरवायची, तापमान साडेसदतीस अंश आहे हे बघायचं, लिहायचं. तीन वाजताचा रकाना कोंडीरामचा.

"टेन्शन कायला घेता साहेब," तो सही करून दाखवत म्हणाला. "हे तर आपलं रोजचंच हाय."

अंडी फिरवताना तेजलला गाणं हवं असायचं. मुकाट्यानं फिरवलं तर पिल्लाला कंटाळा येतो, हे तिनं ठरवून टाकलं होतं. मग मी गुणगुणायचो,

*कूस बदल सोनुल्या, आता वाजले अकरा*
*उशाला नि पायथ्याला बल्बाचा पहारा*

आणि ती लगेच पुढचं जुळवायची:

*कवचाच्या घराला ना दार ना खिडकी*
*टकटक करायाला चोच आहे छोटकी*

सातला 'वाजले सात', दहाला 'वाजले दहा'. यमक जुळवता जुळवता माझी भाकरी करपायची. पण त्या दिवसांत मला कुठेच स्वस्थता नव्हती. कंपनीत मी लाइनवर उभा असायचो आणि मनात साडेसदतीस, साडेसदतीस असा जप चालायचा. घरी फोन करून "काय म्हणतायत?" असं विचारायचो. पलीकडून सुप्रिया म्हणायची, "अंडी आहेत. काही म्हणत नाहीत."

पाचव्या दिवशी, सकाळी साडेअकराला बेल वाजली. दारात गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्मचा गठ्ठा घेतलेल्या एक बाई.

"शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण. मी श्रद्धा मॅडम. खालच्या वॉचमनने सांगितलं, इथे एक मूल शाळेत जात नाही."

शाळाबाह्य! इंजिनिअर बापाच्या, पोळीवर अपूर्णांक शिकलेल्या मुलीला! मी त्यांना घरच्या शिक्षणाचं तत्त्वज्ञान सांगायला घेतलं. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"सर, कारणाच्या रकान्यात पाचच पर्याय आहेत. स्थलांतर, बालमजुरी, आजारपण, लहान भावंडं सांभाळणं, आणि इतर."

"इतर लिहा."

"इतर लिहिलं तर पुरावा जोडावा लागतो. आणि वरून फोन येतो." त्यांनी आत डोकावून पाहिलं. तेजल डब्यापाशी गुडघ्यावर बसली होती. "बाळ, तू घरी काय काम करतेस?"

"मी यांना फिरवते. पाच वेळा."

"कुणाला?"

"माझ्या भावंडांना. अकरा आहेत."

मॅडमचं पेन थांबलं. माझ्याकडे, मग भिंतीवरच्या आम्हा तिघांच्या फोटोकडे त्यांनी पाहिलं. मी घाईघाईनं डब्याचं झाकण उघडलं. त्यांनी वाकून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं सर्वेक्षण क्षणभर पुसलं गेलं. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या. मग सावरून त्यांनी चौथ्या पर्यायावर बरोबरची खूण केली.

"मॅडम, ती अंडी आहेत!"

"सर, यात माझं काम होतं, तुमचंही होतं. जूनमध्ये वयानुरूप वर्गात प्रवेश मिळेल. दुसरीत." आणि जाता जाता तेजलला म्हणाल्या, "निघाली की मला सांग हं."

सरकारदरबारी माझी एकुलती एक मुलगी अकरा भावंडं सांभाळण्यासाठी शिक्षणाला मुकली आहे, अशी नोंद झाली. मी दिवसभर फणफणत होतो. सुप्रिया संध्याकाळी एवढंच म्हणाली, "अकरांचा बाप, चहा घेणार का?"

*

दहाव्या दिवशी, रविवारी दुपारी बाराला, आम्ही तिघं गोधडीखाली शिरलो. अंड्यामागे मोबाइलचा टॉर्च धरला की आतलं दिसतं, पण त्यासाठी अंधार लागतो, आणि भर दुपारी आमच्या घरात अंधार फक्त गोधडीखाली होता. पहिलं अंडं नुसतं पिवळं. दुसरं धरलं आणि तेजलनं श्वास रोखला. आत केशराच्या काड्यांसारख्या लाल रेघा पसरल्या होत्या, आणि मधोमध एक ठिपका, तीळभर, उडत होता.

"ठोके आहेत," सुप्रिया म्हणाली. दिवसाला शंभर माणसांचं रक्त बघणारी ही बाई, तिचा आवाज ओला झाला होता. कुणी हललं नाही. तीन डोकी, एक टॉर्च, एक तीळ. आम्ही किती वेळ तसे बसलो होतो कोण जाणे. बाहेर कुकरच्या शिट्ट्या होऊन वरण करपलं.

अकरांपैकी आठ अंड्यांत ठोके होते. माझी छाती तेव्हा जी फुगली, ती थेट चौदाव्या दिवसापर्यंत टिकली.

चौदावा दिवस म्हणजे गुरुवार, आणि आमच्याकडे गुरुवारी फक्त कारखान्यांना सुट्टी नसते, विजेलाही असते. दहा वाजता लाइट गेली. अंदाज होता म्हणून मी गरम पाण्याच्या दोन बाटल्या भरून ठेवल्या होत्या. त्या अकरापर्यंत गार पडल्या. तापमान पस्तीस. चौतीस. गॅसवर भांडं ठेवू म्हटलं तर सिलिंडर संपला. मी घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होतो आणि तेजल माझ्यामागून त्याच येरझाऱ्या घालत होती.

"बाबा, त्यांना थंडी वाजतेय?"

सोसायटीच्या जनरेटरवर लिफ्ट चालते आणि लिफ्टच्या समोर, तळमजल्यावर, एक प्लग आहे. मी डबा उचलला आणि धावलो. प्लगपाशी पोचलो तर तिथे दादासाहेब उभे. दादासाहेब आमचे सेक्रेटरी. निवृत्त झाले, पण ऑफिस त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही.

"विलासराव, सामायिक वीज खासगी कामाला?"

"दादासाहेब, जीव आहेत हो आत."

"कसले?"

"अंडी."

दादासाहेब दोन पावलं मागे सरले. ते गुरुवार करतात. उपासाच्या दिवशी तो शब्दसुद्धा त्यांच्या कानाला चालत नाही.

"आज तरी नाव घेऊ नका. अर्ज द्या. अर्जात 'गोल वस्तू' लिहा."

मी लिफ्टच्या दाराला कागद टेकवून लिहिलं: गोल वस्तूंना ऊब मिळण्यासाठी दोन तास वीज मिळावी. दादासाहेबांनी चष्मा लावून वाचलं.

"पाळीव प्राण्यांची नोंदणी केली आहे का?"

"अजून प्राणी झालेले नाहीत."

"होणार आहेत ना? मग 'अपेक्षित प्राणी' म्हणून नोंद करा. संख्या लिहा. चावतात का, ते लिहा."

इतक्यात तेजलनं झाकण उचलून आत हात घातला आणि म्हणाली, "आजोबा, हात लावून बघा. गार पडलेत."

दादासाहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग डोळे मिटून, देवाला फूल वाहावं तसं एक बोट आत नेलं. आणि बोट काढायच्या आत ओरडले, "अहो, लावा की प्लग! बघताय काय!"

लाइट यायला एक वाजला. तोवर दादासाहेब खुर्ची टाकून डब्याशेजारी बसले होते आणि लिफ्टमधून येणाऱ्या जाणाऱ्याला दार हळू लावायला सांगत होते. सल्ल्यांचा नुसता पाऊस. कुणी म्हणालं कणकेच्या डब्यात ठेवा, कुणी म्हणालं गाडीच्या इंजिनवर ठेवा, ए विंगच्या एका बाईंनी नजर काढून टाकली. वर आल्यावर मी अकराचा रकाना भरला. मनगट आपोआप वळलं. साडेसदतीस.

*

एकविसावा दिवस. गुरुवार. कृपा अशी की लाइट गेली नाही. सकाळी सातपासून माणसं यायला लागली. दादासाहेबांनी पेढे आणले होते, ते टीपॉयवर झाकून ठेवले. कोंडीराम एक बाळ खांद्यावर घेऊन आला. तेजल डब्यावर कान ठेवून बसली होती. दहा वाजले, बारा वाजले, तीन झाले. पेढ्यांना मुंग्या आल्या. सहा वाजता दादासाहेब मला म्हणाले, "होतं असं कधीकधी," आणि ज्या सुरात म्हणाले, तो सूर त्यांनी स्मशानासाठी राखून ठेवलेला असावा.

तेजल रडली नाही. तिनं रडायला हवं होतं. ती सारखी उठत होती, बसत होती, अगदी माझ्यासारखी.

अशा वेळी माणूस देवाकडे जातो. मी रूट कॉजकडे गेलो. दोष कुठून आला, हे पाच वेळा 'का?' विचारून शोधायची आमची पद्धत आहे. मी एकवीस दिवसांची चेकशीटं डायनिंग टेबलावर मांडली. सगळीकडे साडेसदतीस. नजर जाईल तिथे साडेसदतीस. असा निर्दोष कागद मी बारा वर्षांत पाहिला नव्हता.

"प्रक्रियेत चूक नाही," मी म्हणालो. "माल खराब होता."

सुप्रियानं एका रकान्यावर बोट ठेवलं. "मागच्या गुरुवारी अकराला लाइट नव्हती ना? तू डबा घेऊन खाली धावलास."

"हो."

"इथे साडेसदतीस आहे. सही तुझी आहे."

मी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"आणि हे," तिचं बोट पुढे सरकलं, "आज गुरुवार. राखीव म्हणून तू छापलेल्या रकान्यांत उद्याचे आणि परवाचे तीन वाजताचे आकडेसुद्धा भरलेले आहेत."

आम्ही सगळ्यांनी कोंडीरामकडे पाहिलं. त्यानं बाळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"साहेब, ऑडिटच्या आधी आपण काय करतो मग? तुमीच तर म्हणता, रकाना रिकामा ठेवू नका. मी एकदाच बसून सगळे भरून टाकले. तुमची काळजी मिटावी म्हणून."

"अरे, पण तीन वाजता तू बघायचास ना?"

कोंडीराम बाळाच्या पाठीवर थोपटत राहिला. मग तेजल आतून तिची चित्रांची वही घेऊन आली. पानापानावर तारीख, एक वाकडातिकडा आकडा आणि शेजारी एक चेहरा. एकतीस, तोंड वाकडं. तीस, तोंड वाकडं. बत्तीस, तोंड जरा कमी वाकडं.

"काका झोपतात," ती म्हणाली. "बल्बचा उजेड डोळ्यांवर येतो म्हणून बटण बंद करतात. मग उठले की लावतात. मला बोर्डापर्यंत हात पुरत नाही."

रात्रभर मशीनशी झुंजलेला, घरी जुळ्यांनी जागवलेला तो माणूस. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण माझी सही समोर पडली होती.

"मला का नाही सांगितलंस, राणी?"

"तू रोज आलास की कागद बघायचास," तेजल म्हणाली. "मला विचारलंच नाहीस."

पाचही 'का?' संपले.

*

शुक्रवारी सकाळी कुशाबाई आल्या. बोलावलं नव्हतं, सुप्रियानं फोनवर सांगितलं आणि त्यांनी बस पकडली. आल्या आल्या परातीत कोमट पाणी मागितलं आणि अंडी एकेक करून पाण्यावर सोडली. अंडी तरंगू लागली. आम्ही परातीभोवती वाकलो.

"हलू नगा. आत कुनी आसंल तर त्योच हलंल."

एक नुसतंच तरंगलं. कुशाबाईंनी ते बाजूला ठेवलं. दुसरंही. तिसरंही. त्या प्रत्येकाला पदरानं पुसून ठेवत होत्या, जिवंत असल्यासारखं. नववं अंडं पाण्यावर टेकलं, स्थिर झालं, आणि एकाएकी त्यानं हिसका दिला. पाण्यात बारीक वर्तुळं उठली.

"ह्यात हाय!" कुशाबाई म्हणाल्या. "गारठ्यानं उशीर झालाय त्येला. यील."

शेवटची दोन हलली नाहीत.

शनिवारी पहाटेपासून टोच पडली होती. दहा वाजता कवचाला भेग, अकराला आतून चोचीचं टोक. तेजलनं मला एक सेकंद जागेवरून उठू दिलं नाही आणि मीही पहिल्यांदाच बसलो. बारा वाजून वीस मिनिटांनी कवच दुभंगलं आणि ओलं, काटकुळं, अतिशय कुरूप असं काहीतरी बाहेर पडून धापा टाकू लागलं. कोंडीराम दारात उभा होता. त्यानं तोंडावर उपरणं धरलं. दादासाहेबांनी शनिवार असल्यामुळे मोकळेपणानं "अंड्यातून आलं हो!" असं जिन्यात ओरडून सांगितलं.

मी सुप्रियाकडे पाहिलं. तेविसावा दिवस होता. पैज एकविसाची होती.

"दोन दिवस उशीर," ती म्हणाली, "तू जिंकलास की मी, ते मला कळत नाहीये." आणि ती पिल्लाकडे वळली.

पिल्लू वाळलं, फुगलं, पिवळं झालं आणि ओरडायला लागलं. चिवचिव नव्हे. एवढ्याशा देहातून तेवढा आवाज निघतो, हे आम्हांला माहीत नव्हतं. तेजल जवळ असली की गप्प. ती दात घासायला उठली की आकांत. तिची अंघोळ दारं उघडी टाकून व्हायला लागली. जेवताना पिल्लू मांडीवर. कापसाचं बाहुलं दिलं, दहा मिनिटं. मोबाइलवर दुसऱ्या पिल्लांचा व्हिडिओ लावून दिला, अर्धा तास, मग बॅटरी गेली. दादासाहेबांनी सुचवलं म्हणून डब्यात आरसा उभा केला. पिल्लू आरशाला चिकटून बसलं, चोच लावून पाहिली, डोकं टेकलं. दीड तास घर शांत. मला वाटलं, सुटलो.

मग पुन्हा तोच आक्रोश.

"त्याला कळलं," तेजल म्हणाली, "की आरशात तेच आहे."

सोमवारी तिनंच सुप्रियाच्या फोनवरून कुशाबाईंना विचारलं. फोन स्पीकरवर होता.

"एकलं पिल्लू रडतंच, बाय. माज्याकडं चार दिसाची सात हायेत. आन हिकडं. दिवं लागायच्या टायमाला आन, म्हंजी कोंबडी मारत न्हाई."

सुप्रियाच्या ओठांवर वाक्य आलेलं मी बघितलं. तिनं ते गिळलं, आणि त्याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे. मी मात्र बोललो. पिंजरा मोठा करू, दुसरं पिल्लू विकत आणू, वेळापत्रक करू. बोलता बोलता उठलो, बसलो. तेजल बुटांचे बंद बांधत होती.

त्या दिवशी मी पाळीवर येत नाही म्हणून कळवलं आणि संध्याकाळी आम्ही स्कूटरवरून चऱ्होलीला गेलो. डबा तेजलच्या मांडीवर. टॉवरांच्या खिडक्यांत दिवे लागत होते. कुशाबाईंनी पाटी अलगद उचलली. खाली तांबडी कोंबडी पंख पसरून बसली होती आणि तिच्या कडेनं पिवळे, करडे गोळे चिकटलेले. कुशाबाईंनी आमचं पिल्लू मुठीत घेतलं आणि मागून, कोंबडीला कळणार नाही असं, आत सरकवलं.

कोंबडी जराशी उठली. तिनं पिसं फुलवली आणि पुन्हा बसली, या वेळी जरा रुंद.

आम्ही थोडा वेळ उकिडवे बसून राहिलो. आठ पिल्लं आत-बाहेर करत होती. करड्या अंधारात सगळी सारखीच.

"आपलं कोणतं गं?" मी कुजबुजलो.

तेजलनं मान लांब करून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"ओळखू येत नाही, बाबा," ती म्हणाली. "ते ओरडतच नाहीये आता."

परतीच्या रस्त्यावर रिकामा डबा माझ्या पायांशी होता आणि तेजल मागे, माझ्या पाठीला गाल लावून. मला कढ येत होते आणि ते तिला कळू नयेत म्हणून मी शिट्टी वाजवत होतो. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला.

"बाबा, शाळेत एका वर्गात किती मुलं असतात?"

"असतील पन्नास," मी म्हणालो. साथीच्या रोगाचा आकडा सांगावा तसं म्हणालो.

"पन्नास!"

माझ्या पाठीवर तिची बोटं काहीतरी मोजत होती. मोशीचा सिग्नल आला, गेला.

"आणि सुट्टी झाली की सगळी एकदम बाहेर येतात?"

"एकदम."

"मग जरा जोरात चालव ना."

जून अजून चार महिने लांब होता, आणि एवढ्या रात्री कोपऱ्यावरच्या शाळेच्या फाटकाला कुलूप असणार, हे मला ठाऊक होतं. मी गाडीचा वेग वाढवला.